अंदाजित गुण: साठ लिहू की नव्वद?

पत्र: "उत्तर नागपुरातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, बारावी विज्ञानाची वर्गशिक्षिकाही आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला ब्रिटनमधल्या दोन आणि आपल्याकडच्या एका खासगी विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करायचा आहे. तिचे बारावीचे अंदाजित गुण कॉलेजने कळवायचे आहेत. आमच्याकडे हे आजवर कुणी केलेलं नाही. दहावीला तिला मराठी माध्यमातून ८८.४० टक्के होते, आता पहिल्या सत्रात ५७ आहेत. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते, मुलगी संध्याकाळी सीताबर्डीला एका दुकानात काम करते. यंदा सुरुवातीचे अडीच महिने आम्हाला गणिताचे शिक्षकच नव्हते. तिच्या परवानगीने लिहिते की ती अनुसूचित जातीतली आहे आणि घरचं उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत आहे. प्राचार्य म्हणतात, आपल्या कॉलेजचा निकाल बघून साठ लिहा, उगाच आपल्यावर यायला नको. सहकारी म्हणतात, नव्वद लिहून टाका, पोरीचं भलं होईल. सत्र परीक्षेचे विषयवार गुण सोबत जोडले आहेत, प्रत्येक पेपर ५० गुणांचा होता. मी किती लिहू?" – एक शिक्षिका, नागपूर

मॅडम, साठ लिहू नका आणि नव्वदही लिहू नका. तुम्ही जोडलेल्या गुणांवरूनच तिचा अंदाज ६४ टक्क्यांपासून सुरू होतो. तो ६९ पर्यंत जातो का, ते तुमच्या कॉलेजच्या कपाटातल्या दोन रजिस्टरांवरून कळेल.

आधी ते ५७ टक्के तपासू. भौतिकशास्त्र २७, रसायनशास्त्र २९, जीवशास्त्र ३३, गणित २२, इंग्रजी २८, मराठी ३२. बेरीज ३०० पैकी १७१, म्हणजे ५७ टक्के. पण हे सगळे लेखी गुण आहेत. मंडळाच्या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. गणिताला आणि दोन्ही भाषांना ८० लेखी, २० अंतर्गत. म्हणजे ६०० पैकी ४५० लेखी आणि १५० प्रात्यक्षिक-तोंडीचे. सत्र परीक्षेची टक्केवारी तशीच उचलून अंदाज म्हणून लिहिली, तर हे १५० गुणही तिने ५७ टक्क्यांनीच मिळवले असं आपण गृहीत धरतो. जी मुलगी जर्नल वेळेवर पूर्ण करते आणि प्रयोग नीट करते, तिच्यावर हा सरळ अन्याय आहे. पहिल्यांदा अंदाज लिहिणाऱ्या कॉलेजांची सर्वांत जास्त चूक इथेच होते.

म्हणून प्रत्येक विषय सुटा करा. भौतिकशास्त्रात ५० पैकी २७ म्हणजे ७० पैकी ३७.८. त्याच रीतीने रसायन ४०.६, जीवशास्त्र ४६.२; ८० पैकी गणित ३५.२, इंग्रजी ४४.८, मराठी ५१.२. लेखी बेरीज २५५.८. आता प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण. अकरावीचे प्रात्यक्षिक, यंदाचं जर्नल आणि तोंडी परीक्षेतली तयारी बघून तुम्ही समजा २५, २६, २७ आणि १६, १६, १७ दिले, तर ते १२७ होतात. एकूण ३८२.८, म्हणजे ६३.८ टक्के. मुलीने यापुढे एक पानही जास्त वाचलं नाही तरी आजचा आकडा हा आहे. प्राचार्यांच्या साठपेक्षा तो वर आहे, आणि त्यात कुठलीही मेहेरबानी नाही.

अंतर्गत गुण मात्र हात राखून धरा. सगळ्यांना ३० पैकी ३० आणि २० पैकी २० अशी सवय जिथे पडली आहे, तिथे नुसत्या त्या १५० गुणांनी ही टक्केवारी ६७.६ होते. हा फुगवटा अंदाजात घेऊ नका. मागच्या दोन वर्षांत तुमच्या कॉलेजने या ताकदीच्या मुलांना खरोखर किती प्रात्यक्षिक गुण पाठवले, ते स्थळप्रतीवर असतं. तेच धरा.

आता पुढची वाढ. पहिलं सत्र आणि फेब्रुवारीची परीक्षा यांच्यामध्ये मुलं वाढतात, सगळी सारखी वाढत नाहीत. किती वाढतात याचा अंदाज मनाने बांधायचा नसतो. मागच्या दोन वर्षांच्या बारावीच्या यादीतून दहावीला ८० टक्क्यांच्या वर असलेली मुलं वेगळी काढा, दहा-पंधरा मिळाली तरी पुरेत. प्रत्येकाचे पहिल्या सत्राचे लेखी टक्के एका रकान्यात लिहा. शेजारी मंडळाच्या लेखी परीक्षेचे टक्के लिहा. विषयाच्या एकूण गुणांतून तुम्ही पाठवलेले प्रात्यक्षिकाचे गुण वजा केले की ते मिळतात. दोन्हींतला फरक तिसऱ्या रकान्यात. मग फरक चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका. एखाद्या मुलाने परीक्षेच्या वेळी आजारी पडून ३० गुण घालवले असतील तर सरासरी विनाकारण खाली येते, मधला आकडा जागेवर राहतो.

समजा हा मधला फरक लेखीत ७ टक्के निघाला. ४५० च्या ७ टक्के म्हणजे ३१.५ गुण. ३८२.८ मध्ये मिळवले की ४१४.३, म्हणजे ६९ टक्के. तुमचा आकडा वेगळा येईल. ४ आला तर ६७ लिहा, १० आला तर ७१. पाच वर्षांनी कुणी विचारलं तरी कुठल्या कागदावरून आला हे दाखवता यायला हवं.

एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. मंडळाच्या पेपरात पर्याय भरपूर असतात. भौतिकशास्त्राच्या ७० गुणांत १० बहुपर्यायी, ८ गुणांचे एका वाक्यातले प्रश्न, मग दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ५ पैकी ३. गणितातही दोन आणि तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ८ पैकी ५ असतात. सत्र परीक्षेत एवढे पर्याय बहुधा नसतात. ज्या मुलीचे दोन-तीन धडे शिक्षकाअभावी कच्चे राहिले, तिला सत्र परीक्षा तिच्या खऱ्या कुवतीपेक्षा खाली दाखवते, कारण तिथे न शिकवलेल्या धड्याचा प्रश्न टाळता येत नाही. गणितातल्या २२ गुणांकडे या नजरेने बघा. तिची उत्तरपत्रिका काढा आणि गेलेले २८ गुण दोन ढिगांत टाका: जे धडे त्या अडीच महिन्यांत शिकवलेच गेले नाहीत त्यांतले किती, आणि शिकवलेल्या धड्यांतले किती. पहिला ढीग मोठा असेल तर गणितात वाढीची सर्वांत जास्त जागा तिथेच आहे, आणि आता शिक्षक आल्यावर ती होते आहे का हे पुढच्या घटक चाचणीत दिसेल. दुसरा ढीग मोठा असेल तर गणिताचा अंदाज वाढवू नका.

त्यानंतर मंडळाच्या मागच्या वर्षांच्या दोन पेपरांचा पुरावा तयार करा. गणित आणि रसायन घ्या. दोन रविवार, पूर्ण तीन तास, कॉलेजमध्येच. दुकानातून थेट आलेली मुलगी नको. त्या दिवशी तिला सुट्टी मिळेल असं मालकाशी आधी बोलून ठेवा. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक टाका आणि दुसऱ्या कॉलेजातल्या ओळखीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. हे एवढ्यासाठी सांगतो की आपण सगळेच नकळत चेहऱ्याला गुण देतो. जो मुलगा तासाला इंग्रजीत फडाफडा उत्तरं देतो त्याला वरचा अंदाज मिळतो. जी मागच्या बाकावर गप्प बसते आणि पाच वाजता कामाला पळते तिला खालचा. पेपरचे गुण सत्र परीक्षेच्या टक्केवारीपेक्षा दहाहून जास्त टक्क्यांनी वेगळे आले तर लगेच दोघांची सरासरी काढू नका. आधी फरक का पडला ते शोधा: वेळ अपुरा पडला, इंग्रजीतला प्रश्नच कळला नाही, की आकडेमोड चुकली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं बरंच नुकसान प्रश्नाच्या भाषेत होतं, विषयात होत नाही, आणि ते दोन महिन्यांत भरून निघू शकतं.

आता प्राचार्यांचं म्हणणं. "आपल्या कॉलेजचा निकाल बघून" हा विचार दिसायला सावध आहे, पण तो किती महागात पडतो ते ब्रिटनने २०२० मध्ये पाहिलं. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाचा अंदाज आणि वर्गातला क्रम कळवला. पण परीक्षा नियामक संस्थेने, ऑफक्वालने, मोठ्या वर्गांत शिक्षकांचे अंदाज बाजूला ठेवून त्या शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांवरून श्रेण्या वाटल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेण्या शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. पाच किंवा त्याहून कमी मुलांच्या वर्गात मात्र शिक्षकाचाच अंदाज राहिला, आणि असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त असतात. ज्या शाळेतून आजवर कुणी वरची श्रेणी मिळवली नव्हती, तिथल्या हुशार मुलाला ती मिळण्याची वाटच बंद झाली. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, तो हिशोब मागे घ्यावा लागला. स्कॉटलंडमध्ये त्याच महिन्यात विद्यापीठ प्रवेशासाठीच्या 'हायर' परीक्षेचे अंदाज असेच खाली आणले गेले, तेव्हा सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचं उत्तीर्णतेचं प्रमाण १५.२ टक्क्यांनी घटलं आणि सर्वांत सुखवस्तू भागांत ६.९ टक्क्यांनी. तिथेही निर्णय फिरवला गेला.

आपल्याकडेही २०२१ मध्ये सीबीएसईने बारावीचं मूल्यमापन करताना शाळेच्या आधीच्या तीन वर्षांतलं सर्वांत चांगलं वर्ष संदर्भ धरलं आणि विषयाची सरासरी त्याच्या पाच गुणांच्या आसपास ठेवायला सांगितली. राज्य मंडळाने त्या वर्षी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरले. मुलाचे स्वतःचे गुण धरण्याचा हा भाग आम्हाला जास्त न्याय्य वाटतो. प्राचार्यांना हे सगळं सांगा आणि तीन रकान्यांचा कागद समोर ठेवा. कॉलेजचा ६० टक्क्यांचा निकाल त्यांच्या दृष्टीने खरा असेल, पण तो तुमच्या सगळ्या मुलांचा आहे. ८८ टक्के घेऊन आलेल्या या मुलीचा नाही. "आपल्यावर येईल" ही त्यांची भीती सही केलेल्या हिशोबाने जाते. तो हिशोब फाइलला लावून ठेवा.

सहकाऱ्यांचा नव्वदचा आग्रह मायेपोटी आहे, तरी तो तिच्या अंगाशी येईल. परदेशी विद्यापीठ अंदाजावरून जो प्रवेश देतं तो बहुतेक वेळा अटींचा असतो: मे महिन्यात एवढे टक्के आले तर जागा पक्की. नव्वद लिहून पंच्याऐंशीच्या अटीचा प्रवेश मिळवला आणि निकाल ७० लागला, तर जागा जाते. तोवर इंग्रजीच्या परीक्षेची फी, अर्जाची फी आणि कदाचित जागा राखण्याची रक्कम गेलेली असते. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सीईटीचे दिवस निघून गेलेले असतात. पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजातून खरोखर नव्वदची एखादी मुलगी अर्ज करेल, तेव्हा तिच्या अंदाजावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

ब्रिटनमध्ये अंदाज किती चुकतात, हे मोजलं गेलं आहे. लंडनच्या संशोधक गिल वाइनेस यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की फक्त १६ टक्के अर्जदारांचा अंदाज अचूक ठरतो. ७५ टक्क्यांचा प्रत्यक्षापेक्षा वरचा असतो. पण सर्वांत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांपुरतं पाहिलं तर चित्र उलटतं. त्यांच्यातल्या गरीब घरच्या २४ टक्के मुलांना प्रत्यक्षापेक्षा कमी अंदाज मिळाला होता, सुखवस्तू घरच्या मुलांत हे प्रमाण २० टक्के होतं. वरचा अंदाज चुकला तर निदान मे महिन्यात कळतं. कमी लिहिलेला अंदाज चुकलेला कुणाला दिसतच नाही, कारण त्या मुलीने तिथे अर्जच केलेला नसतो. म्हणूनच तुम्ही साठ लिहिण्याआधी थांबलात हे फार चांगलं केलंत.

पत्र लिहिताना टक्केवारीचं परदेशी गुणांकात रूपांतर करू नका; त्यांच्या कार्यालयाचं ते काम आहे. विषयवार आकडे, १०० पैकी, आणि खाली एकूण ६०० पैकी लिहा. अंदाज कोणत्या तारखेला आणि कशावरून केला ते एका वाक्यात असू द्या. मंडळाची श्रेणीही समजावून सांगा: ३५ ला उत्तीर्ण, ६० पासून प्रथम श्रेणी, ७५ पासून विशेष प्रावीण्य. बाहेरच्या वाचकाला ६९ हा आकडा फिका वाटू शकतो, ही ओळ असली की तो जागेवर बसतो. कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह द्या. कॉलेजचा स्वतःचा ईमेल नसेल आणि तुम्ही घरच्या जीमेलवरून पाठवणार असाल, तर पत्रात कॉलेजचा दूरध्वनी आणि पत्ता हवाच, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच. आपल्याकडे आडनाव आधी छापतात, परदेशी अर्जात रकाने उलटे असतात. पासपोर्टवरच्या नावाशी एक अक्षरही वेगळं झालं तर पुढे व्हिसापर्यंत त्रास होतो.

परिस्थितीबद्दल लिहायचं तर तथ्य लिहा, कणव लिहू नका. "अत्यंत गरीब, बिचारी, कष्टाळू मुलगी" यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: "जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत आमच्याकडे गणिताचे शिक्षक नव्हते. विद्यार्थिनीने दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून घेतलं असून अकरावीपासून विज्ञान विषय ती इंग्रजीतून शिकते. आठवड्यातून सहा संध्याकाळी ती नोकरी करते. मंडळाच्या जुन्या पेपरांवर घेतलेल्या दोन वेळबद्ध चाचण्यांत तिचे गुण पुढीलप्रमाणे आहेत." महिने आणि संध्याकाळी तुमच्या नोंदीप्रमाणे बदला. जात आणि घरची माहिती पत्रात घालायची की नाही, हे तिने ठरवायचं आहे. पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला द्या. आकडाही सांगा आणि कसा आला तेही सांगा. सराव परीक्षा झाल्यावर सुधारित अंदाज पाठवता येईल हे तिला माहीत असलं की ती डिसेंबरमध्ये हातपाय गाळणार नाही.

आता एक कडू गोष्ट. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं सीबीएसई आणि आयएससी या देशपातळीवरच्या मंडळांसाठी एक टक्केवारी मागतात आणि राज्य मंडळांसाठी त्याहून चढी. ६९ वर तिथल्या बऱ्याच नामवंत विद्यापीठांची दारं उघडणार नाहीत. तिथल्या गरीब विद्यार्थ्यांना दिली जाणारी सवलतीची प्रवेश-अट प्रामुख्याने तिथल्याच रहिवाशांसाठी असते, आपल्या मुलांना ती धरून चालता येत नाही. व्हिसासाठी फीशिवाय नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र हातात नसेल तर या घराला ते शक्य नाही, आणि दागिने गहाण ठेवून ते करूही नये.

तरीही तिला तिकडे अर्ज करायचाच असेल, तर अंदाजाची गरज न लागण्याचीही एक वाट आहे. ब्रिटनच्या सामाईक अर्जाची, यूकासची, मुख्य मुदत जानेवारीत संपते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. पण ३० जूनपर्यंत आलेले अर्जही विद्यापीठांकडे पाठवले जातात, त्या अभ्यासक्रमात जागा शिल्लक असली तर विचार होतो. आपल्या मंडळाचा २०२५ चा निकाल ५ मेला लागला होता. म्हणजे खरी गुणपत्रिका घेऊन तिला अर्ज करता येतो. अडचण शिष्यवृत्तीची: बहुतेक शिष्यवृत्त्यांची मुदत त्याआधी संपते. म्हणून आमचं मत असं की परदेशाचं स्वप्न पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहेत. बारावीनंतरच्या पदवीला त्या मिळत नाहीत. चांगली पदवी घेऊन ती तीन-चार वर्षांनी गेली तर फी, विमान आणि राहणं या सगळ्याची सोय होऊ शकते. हे तिला आत्ताच सांगितलं तर "नाही" ऐकायला लागल्यासारखं वाटणार नाही.

खासगी विद्यापीठाचा अर्ज जरूर जाऊ द्या. त्यांना तुमचा ६९ चा कागद पाठवा, आणि फीमाफीसाठी स्वतंत्र अर्ज भरायचा आहे का ते त्याच दिवशी विचारा. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाचा आणि आर्थिक मदतीचा अर्ज वेगवेगळा असतो आणि मुलं दुसरा भरायचा विसरतात.

आणि जिथे अंदाज कुणी विचारतच नाही, ती दारं आधी पक्की करा. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीचे प्रवेश सीयूईटीवर होतात. ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. एका विषयाचे ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीला एक वजा. एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीत, अभ्यासक्रम अकरावीचा सुमारे २० आणि बारावीचा ८० टक्के. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी राखीव प्रवर्गाला बारावीच्या संबंधित विषयांत ४० टक्के पुरतात. एमबीबीएससाठी नीटशिवाय भौतिक, रसायन, जीवशास्त्रात ४० टक्के. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थेत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, पण तिथे जेईईच्या गुणांबरोबर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना बारावीत ६५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमधली जागा लागते. तिचा अंदाज ६४ ते ६९ आहे, म्हणजे ही अट तिच्या बरोबर कडेवर उभी आहे. गणितात भरून निघू शकणारे दहा-बारा गुण इथे कामी येतात. दुकानाची वेळ जानेवारीपासून कमी करता आली तर त्याचं कारण ही ६५ ची रेघ आहे, असं आईला समजावून सांगा. निकालात एखाद्या विषयात अनपेक्षित कमी गुण आले, तर नागपूर विभागीय मंडळाकडून आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, त्यानंतरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या आठवड्यात तिला एकटं सोडू नका.

कागदांचं काम अंदाजाच्या पत्रापेक्षा आधी सुरू करा. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढता येतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जायला हवा. वडील नसल्याने वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे, आजोबांचा किंवा काकांचा शाळा सोडल्याचा दाखला, शोधायला वेळ लागतो आणि त्रुटी निघाली तर महिने जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला हे प्रमाणपत्र लागतं. ते मुदतीत न आल्याने हातची जागा गेलेली मुलं दरवर्षी असतात. प्रवेश झाल्यावर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पुण्याला किंवा मुंबईला जागा मिळाली आणि शासकीय वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे. तिची चौकशी श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात करा. अर्ज केल्याची प्रत्येक पावती तिच्याकडे एक आणि तुमच्या कपाटात एक, अशा दोन प्रतींत ठेवा. घर भाड्याचं असेल तर सामान हलताना कागद हरवतात.